मेणात असेपर्यंत

४ मार्च

ताई,

फोन करायचा नाही, जे सांगायचंय ते कागदावर लिहून दे, म्हणजे उद्या फिरवता येणार नाही, असं म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला आधी राग आला, मग हसू आलं. पंचवीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढलेलं माणूस दुसरं काय म्हणणार? तोंडी बोललेलं तुझ्या लेखी हवेतच जमा. तर घे, लिहून देते.

तुझं पाकीट मिळालं. आतला दत्तकाच्या संमतीचा कागद वाचला. खाली माझ्या सहीच्या जागी तू पेन्सिलनं बारीक फुली मारून ठेवलीयस, लहानपणी माझ्या वहीत चुकलेल्या गणितापुढे मारायचीस तशी. मी सही करणार नाही. ठकीला मी तुझ्याकडे सांभाळायला ठेवलं, देऊन टाकलं नाही. तिचा बाप पाठ फिरवून गेला म्हणून तिला आईही नाही, असं होत नाही.

मला या देशात येऊन पावणेपाच वर्षं झाली. ठकी चारची होती, आता नववं लागेल. हे तू दर फोनला ऐकवायचीस, म्हणून आधीच लिहून टाकते. पण मी काही इथं हवा खायला बसलेली नाही. मोठ्या शहरांत माझ्यासारखीला कोणी विचारत नव्हतं. ही आडगावांची योजना आहे. जिथं इथल्या माणसांनाच राहायला नको असतं, तिथं तीन वर्षं एकाच मालकाकडे काम करायचं, गाव सोडायचं नाही, आणि मग कायम राहण्यासाठी अर्ज करायचा. मी तीन वर्षं लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवल्या आणि ज्या आठवड्यात तीन वर्षं भरली त्याच आठवड्यात अर्ज टाकला. त्याला वीस महिने झाले.

सगळ्या आडगावांचे अर्ज एकाच कार्यालयात जातात. त्यांच्या वेबसाइटवर आपला नंबर टाकला की एक आकडा येतो, या भागातल्या अर्जांना सध्या किती महिने लागतात त्याचा. मी अर्ज टाकला तेव्हा तो बारा होता. आज चौतीस आहे. म्हणजे वीस महिने थांबून मी होते त्याच्याही मागे गेलेय. पण आमच्या लॅबमधल्या पॉलिशवालीच्या ओळखीतल्या एका गवंड्याचं बावीस महिन्यांतच झालं. कधीही होऊ शकतं. मी रोज सकाळी डबा भरायच्या आधी तो आकडा बघते. खाली काहीबाही सूचना असतात, त्या मी वाचत नाही.

मला थोडे दिवस दे. मंजुरी आली की ठकीला घेऊन येते, मग तुझा तो कागद तूच फाड.

भावोजींच्या गुडघ्याचं काय झालं? तेवढं तरी कळव.

तुझी धाकटी


१७ मे

ताई,

पत्र आलं. चार ओळी लिहिल्यास, त्यातल्या तीन ठकीच्या कानाच्या. डावा कान गेलं वर्षभर वाहतोय, पडद्याला भोक आहे, त्या बाजूनं तिला आता निम्मंच ऐकू येतं, आणि ऑगस्टमध्ये ऑपरेशनची तारीख मिळालीय. हे सगळं तू मला आत्ता सांगतेस? बरोबर आहे, तुझ्या मते मला सांगून उपयोग काय.

पण मला एक आठवलं. तू फोन बंद करायच्या आधी, रविवारी बोलताना, ठकी मधेच फोन या कानावरून त्या कानावर घ्यायची. मग "काय म्हणालीस?" असं विचारायची. मी समजायची, पोरगी चुळबुळी आहे, लक्ष नाही तिचं. एकदा रागावलेसुद्धा. म्हटलं, एवढ्या लांबून बोलतेय तर नीट ऐकावं माणसानं. तिला सांग की मी चुकले. किंवा नको सांगूस, तिच्या लक्षातही नसेल.

चौथ्या ओळीत तुझं पुन्हा तेच. गेल्या वर्षी ती जिन्यावरून पडली तेव्हा दवाखान्यात विचारलं, तुम्ही आई का? तू मावशी म्हणालीस आणि टाके पडेपर्यंत तीन तास गेले. ते तीन तास मलाही सोसत नाहीत, ताई. पण त्यासाठी पोर नावावर करून घ्यायची गरज नाही. ऑपरेशनला आईची परवानगी लागते ना, ती मी लिहून पाठवते. हव्या त्या भाषेत, हव्या तितक्या प्रती.

इथं कामाचा ढीग पडलाय. या गावात म्हातारी माणसंच उरलीत, त्यामुळे दातांना मरण नाही. लॅबमध्ये आम्ही तिघं, मालक, पॉलिशवाली आणि मी. मालकाला सत्तरी उलटली, त्याच्या स्वतःच्या तोंडात मी बनवलेली कवळी आहे, आणि तो येईल त्याला ती काढून दाखवतो. मी एकदा म्हटलं, निदान जेवताना तरी नका दाखवू. तर म्हणतो, जेवतानाच तर तिची किंमत कळते.

मंजुरीचा आकडा सदतीस झालाय. अर्जात मी सगळं नीट भरलंय, ती काळजी करू नकोस.

धाकटी


२ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. परवानगीचा कागद दवाखान्यानं घेतला नाही. त्यावर कुठल्या अधिकाऱ्याचा शिक्का नाही, सही आईचीच कशावरून, असं म्हणाले. ऑगस्टची तारीख गेली, आता जानेवारीतली मिळालीय. यात माझा काय दोष? मी लिहून दिलं होतं. शिक्का हवा हे तू आधी बजावलं होतंस हे खरं, पण इथं शिक्क्यासाठी सरकारी कचेरीत जावं लागतं, सुट्टी काढावी लागते, आणि मालकाला एक दिवस सुट्टी मागितली तर तो आठवडाभर तोंड पाडून बसतो. माणसाला अडचणी असतात. तुझ्यासारखं सगळ्यांचं फायलीला फाइल लागलेलं नसतं.

आणि खाली तू विचारलंस, "तुझ्या अर्जात ठकीचं नाव आहे का? हो की नाही, एवढंच लिही."

हा काय प्रश्न झाला? मी तुझी आरोपी आहे का? पाच वर्षं एका खोलीत राहून, एकच स्वेटर घालून, लोकांच्या बत्तिशा घडवत मी कुणासाठी बसलेय? नाव आहे का म्हणे.

नंतर सविस्तर लिहीन. आज डोकं ठिकाणावर नाही.


५ सप्टेंबर

ताई,

नाही.

घे, लिहून दिलं. आता फिरवता येणार नाही.

परवाचं पत्र टाकून कामावर गेले. तिथं एक झालं ते आधी सांगते, त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. कवळी करताना आधी प्लास्टरच्या साच्यावर मेण लावतात आणि मेणात दात बसवतात. ती मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघायची. वाकडं असेल, चावताना अडत असेल, तर मेण गरम करून दात हलवता येतो. सगळं ठीक झालं की मेण वितळवून काढतात, त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरतात आणि उकळत्या पाण्यात शिजवतात. एकदा शिजली की शिजली. मग एक दात हलवायचा तरी कवळी फोडावी लागते.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या, नातीच्या लग्नाला जायचं होतं, घाई होती. मेणातली कवळी तोंडात घालून बघायला त्यांना वेळ नव्हता. मला साच्यावरच दिसत होतं, उजवीकडचा वरचा दात खालच्यावर नीट बसत नाहीय. बोलले असते तर डॉक्टरांना फोन, पुन्हा माप, दोन दिवस गेले असते. मी बोलले नाही. म्हटलं, चालून जाईल. शिजवली. परवा त्या बाई परत आल्या. लग्नात त्यांना घास चावता आला नाही, हिरडीला जखम झाली. त्या रागावल्यासुद्धा नाहीत, नुसतं तोंड उघडून दाखवलं.

त्या गेल्यावर मालकानं विचारलं, "मेणात असताना दिसलं होतं ना तुला?"

"दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

मला रडू आलं. तो बिचारा घाबरला, म्हणाला, अगं एका दातासाठी काय रडतेस, फोडू आणि नवी करू. त्याला काय माहीत मी कशासाठी रडतेय.

पाच वर्षांपूर्वी एजंटनं फॉर्म पुढं ठेवला. अपत्ये किती, असा रकाना होता. तो म्हणाला, मॅडम, एकटी बाई असेल तर आडगावच्या योजनेत लगेच घेतात. पोरबाळ लिहिलंत तर रखडेल, नंतर चढवता येतं. मला ते पटलं, कारण आपल्याकडे रेशन कार्डावर नाव नंतर चढवताच येतं की. जन्माला येईल तसं चढवायचं, लग्न होऊन जाईल तसं उतरवायचं. मी शून्य लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं, एजंटनं नाही.

तीन वर्षांनी कायमचा अर्ज भरताना पुन्हा तोच रकाना आला. इथं आल्यावर मला कळलं होतं की नंतर चढवता येत नाही. अर्जात ज्या पोराचं नाव नाही, त्याला मंजुरीनंतर कधीच आणता येत नाही. पण आधी शून्य आणि आता एक लिहिलं, तर विचारतील यातलं खोटं कुठलं. हाकलून देतील. म्हणून पुन्हा शून्य लिहिलं.

आणि शिक्क्याचं खरं कारण हेच. कचेरीत जाऊन, मी या मुलीची आई, असं अधिकाऱ्यासमोर सांगायचं होतं. ते माझ्या अर्जाच्या कार्यालयाला कळेल या भीतीनं मी तो कागद बिनशिक्क्याचा पाठवला. ठकीची तारीख मी घालवली. मालक सुट्टी द्यायला तयार होता.

आणि त्या आकड्याखालच्या सूचना मी वाचत नाही असं लिहिलं होतं ना, तिथं एकच सूचना आहे. कुटुंबाच्या माहितीत बदल किंवा चूक असेल तर निर्णय होण्यापूर्वी कळवा. सव्वीस महिने मी रोज सकाळी ती वाचते. या आडगावाला आणि त्या कार्यालयाला रोज शिव्या देते की किती उशीर लावतात. पण तो सगळा उशीर माझ्याच पदरात पडत होता. रोज एक दिवस मला मिळत होता, आणि मी तो डबा भरण्यात घालवत होते.

यापुढं तू पत्र पाठवलं नाहीस तरी मी समजेन.


११ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र येईल असं वाटलं नव्हतं. तू शिव्या दिल्या नाहीस, ओरडली नाहीस, फक्त लिहिलंस, "आता काय करायचं ते ठरव. जानेवारीच्या आत." आणि पाकिटात ठकीचं चित्र घातलंस. घर, झाड, आणि दोन माणसं. एक तू, चष्म्यावरून ओळखलं. दुसरी ती स्वतः. मी शोधत होते, पण कागद तेवढाच होता.

मी इथल्या मदत केंद्रात गेले. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी एक बाई बसते, अर्जवाल्यांना फुकट सल्ला देते. तिला सगळं सांगितलं. पाच वर्षांत समोर बसलेल्या माणसाला पहिल्यांदा. ती चांगली आहे. ती म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलं तर कदाचित ते माफ करतील. पण आत्ताचा अर्ज रद्द होईल. मुलीसकट नवा टाकायचा, आणि रांग पहिल्यापासून."

"आता किती महिने चाललंय?"

तिनं माझ्यासमोरच बघितलं. चव्वेचाळीस.

"आणि माफ केलं नाही तर?"

"तर परत जावं लागेल."

मी म्हटलं, मग परत जाते, सरळ मुलीकडे. ती म्हणाली, तोही मार्ग आहेच. ते ऐकून मला काय वाटलं सांगू? मला भीती वाटली. आता तुला लिहूनच द्यायचंय तर हेही घे. परत येऊन मी काय करू? तुझ्या घरात चौथं माणूस म्हणून बसू? तिथं मला काम मिळत नव्हतं म्हणून तर निघाले. आणि ठकी मला बघून भावोजींच्या मागे लपली तर? मी पाच वर्षं सगळ्यांना सांगत आले की मी तिच्यासाठी थांबलेय. काही दिवस तसं होतंही. नंतर मी थांबायचं म्हणून थांबत गेले.

नवा अर्ज टाकला तर तो सुटेपर्यंत ती तेराची होईल. तोवर एकेका ऑपरेशनपुरता शिक्क्याचा कागद मी देऊ शकेन, पण दर दवाखान्यात, दर शाळेत तू मावशीच राहशील. ती पडली की तीन तास थांबायचं. तुला दत्तक दिलं तर ती कागदावर माझी राहणार नाही, मग अर्जात लिहायला नाव कुठून आणू? दोन्ही एकदम होत नाही. मी त्या बाईला दोनदा विचारलं.

दुरुस्तीचा फॉर्म घेऊन आलेय. तुझ्या कागदाशेजारी ठेवलाय. रोज दोन्ही बघते.

धाकटी


३ डिसेंबर

ताई,

सोबतचं पाकीट नीट उघड, कात्रीनं कोपरा कापू नकोस, कागद अगदी कडेला आहे.

गेल्या सोमवारी सुट्टी काढली. मालकानं विचारलंही नाही कशासाठी. कचेरीत गेले, चिठ्ठी घेतली, बाकावर बसले. माझ्या आधी एक जोडपं होतं, त्यांना लग्नाच्या दाखल्यावर शिक्का हवा होता. ते आपसात हसत होते.

माझी पाळी आली. अधिकारी तरुण होता, सर्दी झालेली. त्यानं तुझा कागद वाचला आणि म्हणाला, "या रकान्यात जन्मदात्या आईचं नाव लिहा. तुमच्या अक्षरात, माझ्यासमोर."

मी लिहिलं. पूर्ण नाव. खालच्या रकान्यात ठकीचं, जन्मतारीख, जन्माची वेळ. वेळ त्यांना नको होती, मी लिहिली. खालीच जानेवारीच्या ऑपरेशनची परवानगीही लिहिली, म्हणजे कोर्टाच्या हुकुमासाठी थांबायला नको. त्यानं विचारलं, "तुम्हीच आई?" मी हो म्हटलं. ज्या एका शब्दाला मी पाच वर्षं भ्यायले, तो म्हणायला काही लागलं नाही. त्यानं मान वरही केली नाही. शिक्का मारला, नाक पुसलं, पुढची चिठ्ठी हाकारली. चार मिनिटं झाली असतील.

बाहेर येऊन पायरीवर बसले आणि तो कागद पुन्हा वाचला. या देशात माझ्या नावाचे सतरा-अठरा कागद आहेत. घराचे, कामाचे, दातांच्या परवान्याचे. मी आई आहे असं लिहिलेला हा एकच. आणि तो तुला पाठवून द्यायचाय. मी तिथं बसून रडले, ताई. लोक बाजूनं जात होते. एकीनं पाणी दिलं.

पेन्सिलची फुली मी खोडली नाही. तिच्यावरच सही केलीय.

दुरुस्तीचा फॉर्म परत नेऊन दिला. मदत केंद्रातली बाई म्हणाली, नक्की का? मी म्हटलं, आता दुरुस्त करायला काही राहिलं नाही. तिकडे कोर्टानं दत्तकाचा हुकूम दिला की माझा अर्ज खरा होईल. अपत्ये शून्य. अक्षरसुद्धा बदलावं लागणार नाही. ती माझा हात धरून बसली.

या शिक्क्यावरून मला पकडायचं असेल तर पकडतील. आता त्याची भीती वाटत नाही. आकडा सेहेचाळीस झालाय. मी अजून रोज सकाळी बघते. सवय आहे. मंजुरी आली तर आडगावातच राहीन, मालक लॅब माझ्या हाती द्यायचं म्हणतोय. त्या लग्नाच्या बाईंची नवी कवळी केली, मेणात तीनदा तोंडात घालून बघितली. परवा येऊन म्हणाल्या, आता सफरचंद चावता येतं.

ठकीला काय सांगायचं ते तू ठरव. ती तुला आई म्हणायला लागली असेल तर मला लिहू नकोस. एवढी दया कर.

जानेवारीत ऑपरेशन झालं, जखम भरली, कानातला कापूस निघाला, की एक करशील? ती चित्र काढत बसली असेल तेव्हा तिच्या मागून, डाव्या बाजूनं जा. अगदी हळू हाक मार. मोठ्यानं नको. तुझ्याच आवाजात मार, माझं नाव घेऊ नकोस.

आणि मग तिनं वळून पाहिलं का ते मला कळव. हो की नाही, एवढंच लिही.